कोल्हापूर ते नांदेड विमानाने: लहान विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

दोन लहान विमानतळांमधले अंतर शोधू लागले की एकाच जोडीसाठी तीन ठिकाणी तीन आकडे हाती येतात, आणि उड्डाणाचा वेळ तर कोणी पस्तीस मिनिटे सांगतो, कोणी सव्वा तास. यातला प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो, आणि तो प्रश्न कोणता हे न पाहता आकडा उचलला की प्रवासाचे नियोजन फसते. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावर ही तफावत खपून जाते, कारण तेथे उड्डाणे भरपूर असतात आणि वेळापत्रक सहज दिसते. लहान विमानतळांच्या बाबतीत मात्र आठवड्यातून मोजकीच उड्डाणे असतात, काही जोड्यांना थेट विमानच नसते, आणि अशा वेळी स्वतः अंदाज बांधता येणे उपयोगाचे ठरते.

या लेखात कोल्हापूर आणि नांदेड ही जोडी उदाहरणासाठी घेतली आहे. तुम्ही वाचाल त्या हंगामात या दोन शहरांदरम्यान थेट सेवा असो वा नसो, हिशोबाची रीत तीच राहते, आणि सिंधुदुर्ग-जळगाव किंवा सोलापूर-गोंदिया अशा कोणत्याही जोडीला ती जशीच्या तशी लागू पडते. कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढेच साहित्य पुरेसे आहे.

पायरी १: शहर सोडा, विमानतळ निश्चित करा

पहिली गफलत येथेच होते. अंतर सांगणारी पुष्कळ साधने शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजतात, विमान मात्र धावपट्टीवरून निघते आणि धावपट्टीवर उतरते. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. नांदेडचा शहराला जवळजवळ लागूनच आहे. येथे फरक किरकोळ पडतो, पण गोव्याचे उदाहरण घेतल्यास तो डोळ्यांत भरतो. गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत आणि त्यांच्यात सरळ रेषेत सुमारे ३९ किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे नुसते ‘गोवा’ लिहून मिळालेला आकडा कोणत्या विमानतळाचा, हे आधी विचारावे लागते.

नावावर विसंबण्यापेक्षा तिकिटावर असणारा तीन अक्षरी संकेत वापरावा. कोल्हापूरचा केएलएच, नांदेडचा एनडीसी, दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष चार अक्षरी संकेत वापरतात. कोल्हापूरसाठी व्हीएकेपी आणि नांदेडसाठी व्हीएएनडी. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर दोन्ही प्रकारचे संकेत दिसतात, म्हणून दोन्ही टिपून ठेवावेत.

पायरी २: अक्षांश-रेखांश मिळवा आणि नीट वाचा

प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या वैमानिक माहितीपुस्तिकेत त्याचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. आपल्या कामाला मिनिटापर्यंतची अचूकता पुरते. कोल्हापूर १६ अंश ४० मिनिटे उत्तर, ७४ अंश १७ मिनिटे पूर्व. नांदेड १९ अंश ११ मिनिटे उत्तर, ७७ अंश १९ मिनिटे पूर्व.

येथे एक सावधगिरी बाळगावी. एका अंशात ६० मिनिटे असतात, त्यामुळे १६ अंश ४० मिनिटे म्हणजे दशांशात १६.६७, १६.४० नव्हे. नवखा माणूस हमखास १६.४० टाइप करतो, आणि तेवढ्याने कोल्हापूरचा विमानतळ सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला सरकतो. नकाशावर बिंदू टाकून तो धावपट्टीवरच पडतो का, हे एकदा पाहिले की ही शंका मिटते.

पायरी ३: सरळ हवाई अंतर काढा

विमानाच्या जगात अंतर नॉटिकल मैलात मोजतात, आणि त्यामागे हिशोबाची मोठी सोय आहे. उत्तर-दक्षिण दिशेत अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळपास एक नॉटिकल मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. म्हणून अंश आणि मिनिटांची वजाबाकी केली की अंतर थेट हाती येते.

कोल्हापूर आणि नांदेड यांच्या अक्षांशांतला फरक २ अंश ३१ मिनिटे, म्हणजे १५१ मिनिटे. उत्तरेकडे जायचे अंतर झाले १५१ नॉटिकल मैल.

रेखांशांतला फरक ३ अंश २ मिनिटे, म्हणजे १८२ मिनिटे. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे एकमेकींच्या जवळ येत जातात, म्हणून या आकड्याला दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. महाराष्ट्रापुरते चार आकडे पाठ असले तरी चालते: १६ अंशांवर ०.९६१, १८ अंशांवर ०.९५१, २० अंशांवर ०.९४० आणि २२ अंशांवर ०.९२७. आपल्या जोडीचा मधला अक्षांश जवळपास १८ अंश येतो, म्हणून १८२ ला ०.९५१ ने गुणले की १७३ नॉटिकल मैल मिळतात. पूर्वेकडे जायचे अंतर हे.

आता शाळेतले पायथागोरसचे प्रमेय. १५१ चा वर्ग आणि १७३ चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढले की २३० नॉटिकल मैल येतात. त्याला १.८५२ ने गुणले की ४२६ किलोमीटर. दिशा ईशान्य.

पृथ्वी गोल आहे आणि आपण सपाट कागदावर हिशोब केला, हे खरे. परंतु चार-पाचशे किलोमीटरच्या अंतराला त्यामुळे पडणारा फरक एखाद-दोन किलोमीटरचा असतो. पुणे ते लंडन असा हिशोब या रीतीने करू नये. तेथे गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर काढणारे सूत्रच लागते.

पडताळणीसाठी संगणकावर गुगल नकाशा उघडून एका धावपट्टीवर माउसचे उजवे बटण दाबावे, अंतर मोजण्याचा पर्याय निवडावा आणि दुसऱ्या धावपट्टीवर टिचकी मारावी. आपला आकडा आणि नकाशाचा आकडा यांत पाच किलोमीटरहून अधिक फरक दिसला, तर बहुधा दशांशाची गफलत झालेली असते.

तुलनेसाठी सांगायचे तर कोल्हापूर, मिरज, सांगोला, सोलापूर, तुळजापूर, लातूर, अहमदपूर, नांदेड हा रस्ता पाचशे किलोमीटरच्या आसपास भरतो.

या सरळ अंतराला केवळ कुतूहलापुरते महत्त्व नाही. ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेत भाड्याची कमाल मर्यादा अंतराच्या टप्प्यांवर ठरवली गेली, आणि योजना सुरू झाली तेव्हा साधारण ५०० किलोमीटर किंवा एका तासाच्या विमानप्रवासाला, निम्म्या आसनांपुरती, २,५०० रुपयांची मर्यादा होती. या योजनेतल्या पहिल्या सेवा २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाल्या, त्यांत शिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबादही होती.

पायरी ४: प्रत्यक्ष वाट सरळ नसते, हे धरून चाला

विमान उडाल्यावर तडक नांदेडकडे नाक करून निघते, असे नाही. धावपट्टी ज्या दिशेला आहे त्या दिशेला ते उडते, मग वळते, ठरवून दिलेल्या हवाई मार्गाने आणि बिंदूंवरून जाते, वाटेत लष्कराच्या वापराचे आकाश असेल तर त्याला वळसा घालते, आणि उतरताना पुन्हा धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी फेरी घेते. वारा पाठीमागून येत असेल तर विमान विमानतळाच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन मागे वळून उतरते, आणि खिडकीतून ‘आपले गाव तर मागे गेले’ असे वाटू लागते.

लांब मार्गावर हा वळसा टक्केवारीने क्षुल्लक असतो. लहान मार्गावर तसे नसते, कारण उडण्या-उतरण्याच्या फेऱ्या २०० किलोमीटरच्या प्रवासालाही तेवढ्याच आणि २,००० किलोमीटरच्या प्रवासालाही जवळपास तेवढ्याच लागतात. म्हणून टक्केवारी लावण्यापेक्षा ठोक २५ ते ३० किलोमीटर वाढवावेत, असे माझे मत आहे. वेळेच्या हिशोबात ही वाढ पुढच्या पायरीतल्या ठोक मिनिटांत आपोआप येते, म्हणून ती दोनदा धरू नये.

खरी वाट पाहायची असेल तर फ्लाइटरडार२४ सारख्या ठिकाणी त्या मार्गावरच्या मागच्या उड्डाणांची रेषा पाहता येते. लहान विमानतळाच्या परिसरात जमिनीवरचे ग्राहक यंत्र जवळ नसेल, तर विमान खाली येऊ लागताच रेषा तुटते. याचा अर्थ विमान तेथे उतरले असा घेऊ नये. शेवटची काही मिनिटे नोंदलीच गेलेली नसतात.

पायरी ५: विमान कोणते, ते पाहा

वेळेचा अंदाज येथे बदलतो. प्रादेशिक मार्गांवर आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. पहिला एटीआर ७२, बाहेर पंखे दिसणारे टर्बोप्रॉप विमान, सत्तरच्या आसपास आसनांचे. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या थोडा वर. दुसरा लहान जेट विमानांचा; स्टार एअर या विमान कंपनीकडे पन्नास आसनी एम्ब्रेअर १४५ आणि ७६ आसनी एम्ब्रेअर १७५ आहेत, आणि त्यांचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरता येतो.

आरक्षण करताना विमानाचा प्रकार बहुधा उड्डाण क्रमांकाच्या शेजारी बारीक अक्षरात दिलेला असतो. एटीआर असेल तर आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी: प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि सामान पुढच्या भागात जाते, त्यामुळे चढायला-उतरायला सोपे पडावे म्हणून पुढची रांग निवडणाऱ्याचा बेत येथे उलटतो.

पायरी ६: हवेतला वेळ आणि वेळापत्रकातला वेळ वेगळे काढा

अंतराला वेगाने भागले की उत्तर मिळाले, असे समजणे ही सर्वांत मोठी चूक. ४२६ भागिले ५०० म्हणजे ५१ मिनिटे. पण एटीआरला सतरा हजार फुटांवर पोहोचायलाच सुमारे पाव तास लागतो आणि त्या चढणीत त्याचा वेग पूर्ण नसतो. उतरतानाही तो कमी करावा लागतो. जेटचे त्याहून अवघड, कारण दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) मर्यादेत राहावे लागते, म्हणजे त्याचा जो मुख्य गुण तोच दोन्ही टोकांना वापरता येत नाही. शिवाय एवढ्या थोड्या अंतरासाठी ते आपल्या नेहमीच्या उंचीपर्यंत चढतही नाही.

म्हणून पूर्ण वेगाने काढलेल्या वेळेत १२ मिनिटे मिळवावीत. एटीआरचा हवेतला वेळ झाला सुमारे १ तास ३ मिनिटे. जेटचा, ३२ अधिक १२, म्हणजे सुमारे ४५ मिनिटे.

वेळापत्रकात मात्र हवेतला वेळ छापत नाहीत. विमान उभ्या जागेवरून हलले तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबले तोपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो आणि त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. लहान विमानतळावर विमाने रांगेत उभी नसतात, एप्रनपासून, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेपासून, धावपट्टी हाकेच्या अंतरावर असते, त्यामुळे दोन्ही टोकांचे मिळून ८ ते १० मिनिटे पुरतात. एक अपवाद ध्यानात ठेवावा. धावपट्टीला समांतर टॅक्सी मार्ग, म्हणजे विमानाला जमिनीवरून चालत जाण्याची वेगळी वाट, नसेल, तर विमान धावपट्टीवरच चढते, तिच्या टोकापर्यंत सावकाश चालत जाते, तेथे जागच्या जागी वळते आणि मग धावते. तोवर दुसरे विमान उतरू शकत नाही. वाऱ्याच्या दिशेनुसार हा फेरा कधी घ्यावा लागतो, कधी नाही, आणि त्यानेच तीन-चार मिनिटांचा फरक पडतो.

सगळे मिळून एटीआरचा ब्लॉक टाइम १ तास १० ते १५ मिनिटे आणि जेटचा ५५ मिनिटे ते एक तास. वेगात ताशी ३०० किलोमीटरचा फरक असूनही प्रवाशाच्या पदरात पंधरा मिनिटे पडतात. एवढ्यासाठी जेटचे जास्त भाडे मोजावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी मोजणार नाही.

एक टोक मुंबई असेल, तर याच हिशोबात आणखी १५-२० मिनिटे घालावीत, कारण तेथे धावपट्टीपर्यंतची रांग आणि हवेतल्या घिरट्या दोन्ही लागतात.

पायरी ७: वाऱ्यासाठी थोडी जागा ठेवा

जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो, याचे मुख्य कारण वारा. २७५ नॉट वेगाच्या एटीआरला २३० नॉटिकल मैलांसाठी शांत हवेत ५० मिनिटे लागतात. पाठीमागून ३० नॉटचा वारा मिळाला तर ४५ आणि तोच समोरून आला तर ५६. पावसाळ्यात दख्खनवर खालच्या थरांत पश्चिमेचे आणि नैऋत्येचे वारे जोरात असतात, त्यामुळे ईशान्येला नांदेडकडे जाणारे विमान थोडे लवकर पोहोचू शकते. मात्र एटीआरच्या उंचीपर्यंत या वाऱ्यांचा जोर बराच ओसरलेला असतो आणि त्याहून पुष्कळ वर वारे पूर्वेकडून वाहू लागतात. पाच मिनिटे इकडे-तिकडे धरली की पुरे.

उंचीबद्दल एक गंमत. पूर्वेकडे तोंड असलेल्या विमानांना विषम हजारांची उंची मिळते आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्यांना सम हजारांची, म्हणजे समोरासमोरची विमाने आपोआप एक हजार फुटांच्या अंतरावर राहतात. त्यामुळे जाताना वैमानिकाने सतरा किंवा एकोणीस हजार फूट सांगितले, तर येताना तो सोळा किंवा अठरा हजार सांगेल.

पायरी ८: घरापासून घरापर्यंत मोजा

निर्णय ज्या आकड्यावर घ्यायचा तो हा. कोल्हापुरात घरापासून विमानतळ ३५ मिनिटे, उड्डाणाच्या दीड तास आधी हजर राहणे, ब्लॉक टाइम १ तास १० मिनिटे, सामान घेऊन बाहेर पडायला २० मिनिटे, नांदेड शहरात आणखी २० मिनिटे: एकूण चार तास. रस्त्याने नऊ-दहा तास लागतात, तेव्हा थेट विमान असेल तर प्रश्नच नाही.

थेट विमान नसेल आणि हैदराबादमार्गे जावे लागणार असेल, तर चित्र पालटते. कोल्हापूर-हैदराबाद सरळ रेषेत ४४६ किलोमीटर, हैदराबाद-नांदेड २४७, एकूण ६९३. वरच्या रीतीने एटीआरचे दोन ब्लॉक टाइम १ तास १५ मिनिटे आणि ५० ते ५५ मिनिटे असे येतात. हैदराबादला तीन तास थांबावे लागले, तर घरापासून घरापर्यंत आठ तास होतात. रात्रीच्या बसशी तुलना करताना हा आकडा समोर ठेवावा. दोन तिकिटे दोन वेगळ्या कंपन्यांची आणि स्वतंत्र असतील, तर पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकल्यास भुर्दंड प्रवाशाला बसतो, म्हणून तीन तासांहून कमी अंतर ठेवू नये.

लहान विमानतळ आहे, आयत्या वेळी पोहोचलो तरी चालेल, हा समजही सोडावा. चेक-इन बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या ४५ ते ६० मिनिटे आधी बंद करतात, विमानतळ कितीही लहान असो.

पायरी ९: वेळापत्रक पाहताना

उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होते. प्रादेशिक उड्डाणे याच सुमारास सुरू होतात, बंद होतात किंवा त्यांचे वार बदलतात, म्हणून या तारखांच्या पलीकडचा प्रवास ठरवताना जुन्या माहितीवर विसंबू नये. वार बहुधा आकड्यांत छापलेले असतात, त्यांत १ म्हणजे सोमवार आणि ७ म्हणजे रविवार. १३५ असे दिसले तर उड्डाण सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारीच आहे. मंगळवारच्या कामासाठी जाणाऱ्याला अशा वेळी सोमवारी निघून बुधवारी परतावे लागते, आणि दोन रात्रींच्या मुक्कामाचा खर्च तिकिटाच्या भाड्यात मिळवूनच बसशी तुलना करावी लागते.

लहान विमानतळ बहुधा ठरावीक तासांतच चालू असतात. संध्याकाळचे उड्डाण उशिरा होऊ लागले आणि गंतव्य विमानतळाची वेळ संपत आली किंवा तेथे रात्री उतरण्याची सोय नसली, तर ते रद्दच होण्याचा संभव असतो. पावसाळ्यात ढग खाली आले की हीच अडचण दिवसाही येते. निवड करता येत असेल तर पावसाळ्यात दुपारचे उड्डाण घ्यावे, आणि त्याच दिवशी पुढे रेल्वे पकडायची असेल तर ब्लॉक टाइमच्या वर किमान तीन तास हाताशी ठेवावेत.